एकाच चंबूत क्विनॉक्झालीन

काचबिंदूवरच्या ब्रिमोनिडीन या औषधाच्या रेणूत क्विनॉक्झालीनचं जोडवलय असतं. तेच वलय असलेलं २,३-डायफिनाइल क्विनॉक्झालीन आज तुम्ही बेन्झिल आणि ऑर्थो-फिनिलीन डायअमीनपासून एकाच अभिक्रियेत तयार करणार आहात. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात असा, नाहीतर परळच्या एखाद्या कॉलेजात, काम प्रयोगशाळेतच करायचं, घरी नाही. सामान संपलं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीट गाठा. चला, बाह्या सावरा!

१. गॉगल, एप्रन, हातमोजे चढवा. ऑर्थो-फिनिलीन डायअमीन विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.

२. त्या डायअमीनचा रंग बघा. फिकट असेल तर उत्तम. झाकण सैल राहून काळवंडलं असेल, तर दुसरी बाटली घ्या.

३. बेन्झिल २.१ ग्रॅम तोलून चंबूत टाका.

४. वर ८ मिली रेक्टिफाइड स्पिरिट ओता.

५. वॉटर बाथवर पिवळे कण विरघळेपर्यंत तापवा. बाथ हॉट प्लेटवरच ठेवा. बर्नर पेटवलात तर स्पिरिट भडकेल.

६. हूडखाली बीकरमध्ये १.१ ग्रॅम डायअमीन ८ मिली स्पिरिटमध्ये विरघळवा.

७. ते चंबूत ओता.

८. कंडेन्सर लावून पाणी सुरू करा.

९. अर्धा तास तापवा.

१०. चंबू बाहेर घ्या.

११. आता थेंब थेंब पाणी घाला. ही माझी सगळ्यात आवडती पायरी! दुधट झाक येईल, चंबू हलवलात की जाईल. पुन्हा थेंब, पुन्हा हलवा. झाक जायची थांबली की तुम्हीही थांबा. घाईत भसकन पाणी ओतलंत तर तळाशी चिकट तेल बसेल. तसं झालंच तर चमचाभर स्पिरिट घालून परत तापवा.

१२. चंबू न हलवता गार होऊ द्या. धक्का लागला तर स्फटिक बारीक पडतात.

१३. ब्युकनर फनेलवर गाळा. खालचं द्रावण टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत जाईल, बेसिनमध्ये नाही.

१४. स्फटिक गरम स्पिरिट-पाण्यातून पुन्हा पाडून गाळून घ्या.

१५. डेसिकेटरमध्ये वाळवा. गिरगावच्या पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेत तर दिवसभरात वाळायचे नाहीत.

१६. तोला. हिशेबाने २.८ ग्रॅम यायला हवेत, पण दीड ग्रॅम आले तरी हात चांगला बसलाय.

१७. मेल्टिंग पॉइंट घ्या. १२५-१२६ अंशांना वितळलं की जमलं! आधीच ओघळलं तर माल ओला आहे किंवा बेन्झिल उरलंय. चौदाव्या पायरीपासून पुन्हा करा.