५.१ च्या पैशांत खरंच ५.१ मिळतंय का?

खोक्यावर ‘५.१’ छापलेलं असतं, आतून पाच स्पीकर आणि एक सबवूफर निघतो आणि गिऱ्हाईक पैसे मोजून घरी येतं. पण स्पीकर सहा असले म्हणून आवाजाच्या सहा वेगळ्या वाटा त्यांच्यापर्यंत पोचतातच असं नाही. त्या पोचतात की नाही हे तपासायला जवळपास काहीच खर्च येत नाही. न तपासता घेतलं, तर मागच्या दोन स्पीकरांचे आणि मधल्या स्पीकरचे पैसे बहुधा पाण्यात जातात. म्हणून आधी चाचणीचा हिशोब मांडतो, मग साहित्याचा.

डॉल्बी डिजिटलमध्ये सहा चॅनेल दाबून एकाच प्रवाहात बसवलेले असतात. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून हे तंत्र थिएटरात आलं आणि पुढे डीव्हीडीवरून घरात शिरलं. हा प्रवाह उलगडून सहाही चॅनेल वेगळे काढणं म्हणजे डिकोडिंग. ते टीव्ही करेल, लॅपटॉपवरचा प्लेअर करेल किंवा रिसीव्हर (स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर) करेल. मूळ डॉल्बी डिजिटलची पेटंटं २०१७ मध्ये संपली आहेत. व्हीएलसी, कोडी, एमपीव्ही हे फुकट प्लेअर ते चोख उलगडतात. तेव्हा नुसत्या ‘डॉल्बी डिकोडर’च्या नावाखाली कुणी दोन-चार हजार जास्त मागत असेल, तर ते नक्की कशाचे, हे विचारा.

चाचणीची फाइल घरीच तयार करा. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट आहे. त्यात सहा मोनो ट्रॅक घ्या आणि आपल्याच आवाजात एकेका ट्रॅकवर बोला: ‘पुढचा डावा’, ‘पुढचा उजवा’, ‘मधला’, ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’. सबवूफरच्या ट्रॅकवर बोलू नका. त्या चॅनेलला साधारण १२० हर्ट्झच्या वरचं काही मिळत नाही, तिथं आवाज नुसता घुमेल. त्याऐवजी ५० हर्ट्झचा सूर टाका. तो ऑडॅसिटीच तयार करून देतं. प्रत्येक आवाज आधीचा संपल्यावरच सुरू झाला पाहिजे, म्हणजे एका वेळी एकच स्पीकर बोलेल. एक्स्पोर्ट करताना चॅनेलची मांडणी स्वतः ठरवण्याचा पर्याय निवडा. वेव्ह फाइलचा क्रम असा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. त्याच फाइलची एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल, आवृत्ती एफएफएमपेग या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅमनं बनवा, ४४८ केबीपीएसवर. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलची कमाल मर्यादाही तेवढीच असते. दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपसह दुकानात जा. खर्च पेनड्राइव्हचा, तोही घरात नसेल तर.

आता ऐकायचं कसं? ‘मागचा डावा’ पुढच्या स्पीकरमधून आला, तर वाटेत कुणीतरी सहाचे दोन केले आहेत. विंडोजमध्ये हे हमखास होतं, कारण साउंड सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्टिरिओ’वर राहिलेले असतात. तिथं ५.१ निवडा आणि पुन्हा वाजवा. ‘पुढचा डावा’ एकाच वेळी पुढून आणि मागूनही आला, तर सेट स्टिरिओ आवाजच सगळीकडे वाटतोय. दुकानात हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण खोली भरून जाते. पण ते ५.१ नाही. ‘मधला’ अजिबातच ऐकू आला नाही, तर पहिले दोन चॅनेल ठेवून बाकीचे टाकून दिलेत. सिनेमा पाहताना संवाद गायब होतील.

सगळ्यात फसवी गोष्ट क्रमाची. वेव्हचा क्रम वर दिला. सिनेमाच्या मिक्सिंगमध्ये मात्र डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, सबवूफर असा क्रमही सर्रास चालतो. एकाची फाइल दुसऱ्यानं आपल्या क्रमानं वाचली, की ‘मधला’ उजवीकडून येतो, ‘उजवा’ मधून येतो आणि मागच्या दोनपैकी एक सबवूफरमध्ये गुरगुरतो. गाणं लावलं तर हे लक्षातही येत नाही, बोललेली नावं मात्र लगेच पकडतात. लॅपटॉपऐवजी डेस्कटॉपच्या मागच्या तीन रंगीत जॅकवर सेट जोडला असेल, तर नारिंगी जॅककडे बघा. त्या एकाच जॅकमधून मधला स्पीकर आणि सबवूफर दोन्ही जातात आणि काही सेटमध्ये त्यांची अदलाबदल झालेली असते. अनेक साउंड कार्डांच्या सेटिंगमध्ये ती उलटवण्याची सोय असते. नवी केबल घेण्याआधी ते बघा.

एसी-३ फाइल दोनदा वाजवा. व्हीएलसीत पासथ्रू बंद ठेवलं तर उलगडण्याचं काम लॅपटॉप करतो आणि रिसीव्हरच्या पडद्यावर मल्टिचॅनेल किंवा पीसीएम (म्हणजे न दाबलेला आवाज) असं दिसतं. पासथ्रू चालू केलं तर काम रिसीव्हरकडे जातं आणि तिथं डॉल्बी डिजिटल उमटतं. दोन्ही वेळा पाच नावं आणि सूर सहा वेगळ्या जागांहून आले, तर सेट पास. एकदाच आले, तर दोष कुठल्या कडीत आहे ते कळलं.

आता साहित्य. दीड-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या, ‘७.१’ लिहिलेल्या यूएसबी साउंड अडॅप्टरला बहुतेक वेळा हेडफोनचं एकच भोक असतं. एका स्टिरिओ भोकातून आठ चॅनेल वेगळे बाहेर येत नाहीत. तो भास हेडफोनपुरता असतो. खऱ्या वेगळ्या जॅकचं कार्ड हवं असेल, तर दीड-दोन हजारांच्या पुढे तयारी ठेवा.

पाच ते पंधरा हजारांतले ‘५.१ मल्टिमीडिया’ सेट हा सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार आहे. खोका उलटा करून मागची बाजू बघा. ब्लूटूथ, यूएसबी आणि लाल-पांढरी दोनच भोकं असतील, तर बाहेरून आलेला स्टिरिओ आवाजच सहा स्पीकरांत वाटला जाणार. सहा आरसीए, ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असेल तरच पुढे बोला. ऑप्टिकलमधून दाबलेलं ५.१ जातं, न दाबलेलं मल्टिचॅनेल पीसीएम जात नाही. म्हणून लॅपटॉपवरून गेमचा आवाज ऑप्टिकलनं सहसा स्टिरिओच पोचतो.

साधा पण खरा ५.१ रिसीव्हर साधारण तीस हजारांच्या आसपास सुरू होतो आणि स्पीकरांचा संच त्याहून वेगळा. मला विचाराल तर खोली लहान आणि बजेट वीस हजारांच्या आत असेल, तर बोगस ५.१ पेक्षा चांगले दोन स्पीकर घ्या. टीव्हीवरून आवाज नेणार असाल, तर ई-एआरसीचं (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनं रिसीव्हरकडे नेणाऱ्या सोयीचं) पोर्ट आहे का ते बघा; साध्या एआरसीवरून दाबलेलं ५.१ जातं, ब्लू-रेचं लॉसलेस मिक्स जात नाही. त्यासाठी महागडी केबल नको. इथरनेटसह हाय स्पीड असं लिहिलेली तीन-चारशेची एचडीएमआय केबल पुरते. नेटफ्लिक्सवर डॉल्बी ॲटमॉस (५.१ च्या पुढचं डॉल्बीचं सराउंड तंत्र) फक्त ६४९ रुपयांच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं, हाही दरमहाचा खर्च धरा.

बसवून देणाऱ्याचं ‘कॅलिब्रेशन’चं बिल वेगळं येतं. बहुतेक रिसीव्हरच्या खोक्यातच मोजणीचा माइक असतो आणि त्यावरून रिसीव्हर स्वतःच अंतर व पातळी ठरवतो. त्याउपर तुम्ही काय करणार, हे विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. एवढं तुम्हीही पडताळू शकता: पुढचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या ३० अंश दोन्हीकडे, मागचे १०० ते १२० अंशांवर. रिसीव्हरच्या सेटिंगमधलं प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपनं मोजलेल्या अंतराशी जुळलं पाहिजे, कारण ध्वनीला ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद लागतो. सबवूफरचं अंतर माइकनं जास्त दाखवलं तर ते बदलू नका. त्यात त्याच्या आतला विलंबही धरलेला असतो. खोलवर जायचं असेल, तर आरईडब्ल्यू हा मोजणीचा प्रोग्रॅम फुकट आहे. खर्च येतो तो मोजणीच्या यूएसबी माइकचा. तो बाहेरून मागवला तर काही हजार रुपये आणि वर कस्टम.

खरेदीच्या वेळी बिलावर ‘५.१ डिकोडिंग, अमुक इनपुट’ असं लिहून घ्या आणि चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवा. खोक्यावर एक आणि आत भलतंच निघालं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथं निकाल लागला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं कोणतंही शुल्क लागत नाही.