‘नक्कल मिळाली’ लिहिण्याआधी

आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीनिधीवरून गुन्हा दाखल झाला तेव्हा मी खजिनदार होतो. साहजिकच आरोपींच्या यादीत आलो. अटक झाली नाही. नोटीस आली, चौकशी झाली, मग बरेच महिने सामसूम. आणि एक दिवस दोषारोपपत्र दाखल होऊन समन्स हातात पडलं.

जामिनाची धास्ती सगळ्यांना असते, उलटतपासणीचीही असते. दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून आरोप निश्चित होईपर्यंतचा काळ मात्र लोक ‘नुसत्या तारखा’ म्हणून काढतात. माझ्या मते खरी लढाई तिथेच असते.

कोर्टात कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि ‘नक्कल मिळाली’ म्हणून सही मागितली जाते. आमच्या सेक्रेटरींनी गठ्ठा न उघडताच सही ठोकली. माझ्या वकीलबाईंनी मला बाकावर बसवलं. “काका, आधी सूचीशी पानं ताडून बघा.” बँकेच्या उताऱ्यांतली काही पानं नव्हती, दोन जबाबांची झेरॉक्स वाचता येत नव्हती, पेनड्राइव्ह जप्त केल्याचा पंचनामा होता पण त्यातल्या फाइली नव्हत्या. आम्ही ‘अपूर्ण मिळाली’ असं लिहूनच सही केली आणि उरलेल्या कागदांसाठी त्याच दिवशी अर्ज दिला.

एवढी कटकट कशाला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत या नकला मोफत मिळायला हव्यात. आणि आमच्यासारख्या, दंडाधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या वॉरंट खटल्यात दोषमुक्तीचा अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा, असं कलम २६२ सांगतं. (सत्र खटल्यात हे ६० दिवस प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून मोजतात.) अर्धवट गठ्ठ्यावर ‘मिळाली’ लिहिलं, की मुदत धावू लागते. पुढे सेक्रेटरींनी पानं मागितली तेव्हा सरकारी वकिलांनी आपल्या ‘से’मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, सेक्रेटरींच्याच सहीकडे बोट दाखवलं.

पेनड्राइव्हसाठी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी आला. केरळमधल्या अभिनेता दिलीपच्या खटल्यात मेमरी कार्डमधला मजकूर हा ‘दस्तऐवज’च आहे, असं न्यायालयाने ठरवलं. तिथे पीडितेच्या खासगीपणासाठी प्रत न देता फक्त पाहू दिलं. हिशेबाच्या फाइलींना तशी अडचण नव्हती.

पण आमच्या प्रकरणाचा जीव होता मिनिट बुकात. ज्या खर्चावरून फिर्याद झाली, तो मंजूर करणारा सर्वसाधारण सभेचा ठराव त्यात होता. जप्ती पंचनाम्यात बुकाची नोंद होती, दोषारोपपत्राच्या सूचीत ते नव्हतं. माझ्याकडे ठरावाची प्रत होती, तरी ती घेऊन दोषमुक्ती मागता येत नाही: आरोप ठरवताना आरोपीने आपले कागद पुढे करायचे नाहीत, हे देवेंद्रनाथ पाढी प्रकरणापासून पक्कं आहे. वाचताना मला हा अन्यायच वाटला होता. मात्र नित्य धर्मानंद प्रकरणात, २०१७ साली, न्यायालयाने एक दार उघडं ठेवलं. तपास अधिकाऱ्याने मिळवलेला पण दोषारोपपत्रात न लावलेला, निर्विवाद स्वरूपाचा पुरावा असेल, तर न्यायालय तो याच टप्प्यावर मागवू शकतं. आम्ही कलम ९४ खाली तसा अर्ज केला. शिवाय २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या फौजदारी कामकाजाच्या नियमांत, तपासात मिळाले पण वापरले नाहीत अशा कागदांची यादी आरोपीला द्यावी, असं आहे. ही यादी लेखी मागा. कोणी आपणहून देईल या भरवशावर राहू नका.

म्हणून गठ्ठा हाती आला की पहिल्यांदा पंचनामे वाचावेत, फिर्याद नंतर. पंचनाम्यातली प्रत्येक वस्तू सूचीत शोधायची. जी सापडणार नाही तिच्यावर खूण. वकिलांना हे करायला वेळ नसतो, आणि आपल्या घरातले, कचेरीतले कागद आपल्याइतके त्यांना ओळखूही येत नाहीत.

बुक मागवण्याचा आदेश झाला. दोषमुक्तीच्या अर्जावर अजून युक्तिवाद व्हायचा आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा, म्हणजे कोर्टातली त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, मात्र मी स्वतः वाचतो. अर्ज दिल्याची नोंद त्यात नसेल, तर पुढच्याच तारखेला तसं लक्षात आणून द्यावं लागतं.