भिंतीचा पोपडा

जुलै महिना, शीवला नेहमीसारखं पाणी तुंबलेलं, म्हणून मी घरीच होते. लेक पलंगामागे गप्प बसलेली. सोळा महिन्यांचं मूल गप्प बसलं की समजायचं, काहीतरी उद्योग चाललाय. वाकून पाहिलं तर ओल आलेल्या भिंतीचा पोपडा नखाने उचकटून ती तोंडात टाकत होती. ओठांवर पांढरी भुकटी, आणि चक्क चावत होती. जिला भाताचं अख्खं शीत जिभेवर आलं तरी ओकारी यायची, ती!

सासूबाई म्हणाल्या, "कॅल्शियम कमी पडत असेल गं, दूध वाढव." मी वाढवलं.

आठवड्याने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९. या वयात साडेदहाच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "दूध किती पिते दिवसाला?" मी कौतुकाने सांगितलं, "लिटरभर. बाटली संपवल्याशिवाय सोडत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर दुधाने पोट भरलं की जेवण नको होतं, आणि जे थोडं खाल्लं जातं त्यातलं लोहही दुधातलं कॅल्शियम नीट शोषू देत नाही. जन्मताना बाळ लोहाचा जो साठा घेऊन येतं तो साधारण सहा महिने पुरतो. पुढचं ताटातून यायचं असतं. आणि माती-चुना खावासा वाटणं, हे कॅल्शियमपेक्षा बऱ्याचदा लोह कमी झाल्याचं लक्षण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता. हा आकडा मी आधीही वाचला होता. तो दुसऱ्यांच्या घरातला आहे असं वाटायचं. आमच्या फ्रिजमध्ये बदाम होते ना!

दुधावरची माझी श्रद्धा काही आभाळातून पडली नव्हती. आमच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. इथे राहणाऱ्या आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण ते आईचं दूध, अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांसाठी. सहा महिन्यांनंतर आईचं दूधही एकटं पुरत नाही. मी तर बाटलीतल्या पिशवीच्या दुधाला तो मान दिला होता.

सुरुवात खरं तर रीतसर झाली होती. उष्टावणाला मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, मग नाचणीचं सत्त्व, मऊ भात. आठव्या महिन्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडीने तिला जोरात ओकारी आली, तोंड लाल झालं, आणि मी जी घाबरले ती थेट मिक्सरला शरण गेले. वरण-भात, दुधी, गाजर, खिचडी, सगळं एकत्र फिरवायचं. कुठलीही भाजी घाला, रंग एकच, ओल्या पुठ्ठ्याचा. समोर मोबाइलवर गाणी लावायची, तोंड उघडलं की चमचा आत. वीस मिनिटांत वाटी रिकामी. मला वाटायचं, किती शहाणं मूल!

ओकारी आणि गुदमरणं यातला फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. ओकारीत आवाज होतो, मूल खोकतं, घास स्वतःच पुढे ढकलतं. आपण शांत बसायचं. गुदमरलेल्या मुलाचा आवाजच बंद होतो, खोकता येत नाही, ओठ निळे पडू लागतात. तेव्हा घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो. डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर पाच जोरकस थापा मारायच्या. पुढची रीत वर्षाच्या आतल्या आणि वरच्या मुलासाठी वेगळी आहे. ती वाचून नव्हे, कुणा जाणकाराकडून हाताने करून शिका. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत लांबच. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून.

मिक्सर सुटला तो समोरच्या तमिळ मामींमुळे. शीव-माटुंग्यात अशी एक मामी प्रत्येक मजल्यावर असते, नशिबाने. त्यांच्याकडे लहान मुलाला परुप्पु सादम देतात, म्हणजे आपला तूप-वरण-भातच, फक्त हाताने कुस्करलेला. त्यांनी लेकीला जमिनीवर बसवलं, पुढ्यात इडलीचा तुकडा ठेवला आणि स्वतः कॉफी पीत बसल्या. पाहिलंसुद्धा नाही तिच्याकडे. अर्धी इडली केसात गेली. उरलेल्यातली थोडी पोटात.

मग घरी तेच. दूध दोन कप, तेही पेल्याने आणि जेवणानंतर बऱ्याच वेळाने. वरणाला फोडणी द्यायच्या आधी, मीठ-तिखट पडायच्या आधी तिची वाटी बाजूला काढायची. वरणाचं नुसतं पाणी नव्हे, खालची दाटी. पाण्यात डाळीचा रंग असतो, डाळ नसते. पहिला आठवडा चमच्याने रगडलेलं, दुसरा काट्याने, मग बोटांनी. पोळीचा पापुद्रा, धिरडं, उकडलेलं अंडं, मोड आणून मऊ शिजवलेले मूग, काटे दोनदा तपासलेला सुरमईचा तुकडा. वरून लिंबू, त्याने लोह अंगी लागतं. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब वेगळे. नुसत्या आहाराने भागलं नसतं. त्या थेंबांनी शी काळी होते, घाबरू नका.

पहिले दहा दिवस वाईट गेले. ती काही खायची नाही, सासूबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत. खरं तर गाठीचं, हाताने धरून खायचं अन्न आठव्या-नवव्या महिन्यातच सुरू करायचं असतं. ती वेळ हुकली की मुलं पुढे नखरे करतात, आणि मी तर दुप्पट उशीर केला होता. तुमचं बाळ दहा महिन्यांचं असेल आणि अजून मिक्सर चालू असेल, तर आजच्या जेवणापासून तो बंद करा. वर्षाचं झालं की घरचंच ताट, फक्त मऊ आणि बिनतिखट.

भिंत चाटणं तीन आठवड्यांत थांबलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२. पलंग मात्र मी अजून भिंतीला घट्ट चिकटवून ठेवलाय. मिक्सर हल्ली चटणीपुरता निघतो. त्याचा आवाज आला की लेक असेल तिथून धावत येते आणि ओट्यापाशी तोंड आ करून उभी राहते.