‘दुसरे ऑपरेशन’ म्हणजे नेमके कोणते?
मोठ्या आतड्याच्या प्रगत कर्करोगाविषयी एक अभ्यास-टिपण



जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख वार्षिक अहवालात असावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा मोठ्या आतड्याचा पुढच्या अवस्थेतील कर्करोग आणि त्यात पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया हा विषय घेतला आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. येथील वैद्यकीय मजकूर आपल्या शल्यचिकित्सकांनी वाचून दुरुस्त केला आहे. परंतु ज्या प्रसंगामुळे हा विषय निवडला, तो शस्त्रक्रियागृहात नव्हे, आमच्या कार्यालयाच्या खिडकीवर घडला. म्हणून लेखणी आम्हीच हाती घेतली.

किनाऱ्याकडील एका गावच्या, मासळीचा व्यवसाय करणाऱ्या बाई मध्यरात्री दाखल झाल्या. पोट फुगलेले, चार दिवस शौच नाही, वायूही सरत नव्हता. त्यापूर्वी काही महिने शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध समजून घरगुती औषधे चालली होती. डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ होऊन मार्ग बंद झाला होता. आपल्या शल्यचिकित्सकांनी त्याच रात्री रोगट भाग काढला, वरचे तोंड पोटावर आणून तेथे पिशवी लावली. फ्रेंच शल्यचिकित्सक हार्टमन यांनी १९२१ साली मांडलेली ही पद्धत आजही अशा आणीबाणीत जीव वाचविते, कारण फुगलेल्या, सुजलेल्या आतड्याचा सांधा तत्काळ जोडल्यास तो सुटण्याचा धोका असतो. पुढे सीटी स्कॅनमध्ये यकृतात दोन डाग आढळले. बाईंना केमोथेरपीसाठी मुंबईस पाठविण्यात आले.

काही आवर्तने झाल्यावर तेथील कागदावर ‘दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार व्हावा’ असा शेरा आला. तो कागद घेऊन त्यांचा मुलगा आमच्या खिडकीवर आला. आमच्या माणसाने जुनी फाइल उघडली, पिशवीची नोंद पाहिली आणि पिशवी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक हाती दिले. मुलाने आईच्या बांगड्या गहाण ठेवून अनामत भरली. मुंबईची पुढची तारीखही चुकविली, कारण ‘आता पिशवी निघणार, म्हणजे आजार संपला’ अशी घरच्यांची समजूत झाली. आदल्या संध्याकाळी शल्यचिकित्सकांनी सर्व कागद एकत्र वाचले तेव्हा उलगडा झाला. मुंबईच्या डॉक्टरांना अभिप्रेत होती ती यकृताची शस्त्रक्रिया. अनामत त्याच दिवशी परत केली, गहाणाचे व्याजही संस्थेने सोसले. गेलेले तीन आठवडे परत करणे मात्र कोणाच्याच हाती नव्हते.

खिडकीवरच्या माणसास बोल लावणे सोपे होते. पण ‘दुसरे ऑपरेशन’ या दोन शब्दांखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे आम्हाला तरी कोठे ठाऊक होते? त्या प्रसंगानंतर डॉक्टरांजवळ बसून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज. ‘चौथी स्टेज म्हणजे शेवटची’ असे सर्रास बोलले जाते. आजार मूळ जागेपासून दूरच्या अवयवात गेला, एवढाच चौथ्या अवस्थेचा अर्थ आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तो अवयव बहुधा यकृत असतो. आतड्यांतील रक्त हृदयाकडे परतण्यापूर्वी एका मोठ्या शिरेने थेट यकृतात जाते. त्या रक्ताबरोबर सुटलेल्या पेशी तेथे अडकतात. त्याखालोखाल फुप्फुसे आणि पोटाच्या आतील आवरण यांचा क्रम लागतो. यकृतात दोन डाग असलेला, चालता-फिरता रुग्ण आणि पोटभर आजार पसरून पाणी झालेला रुग्ण, दोघांच्याही कागदावर ‘चार’ हाच आकडा असतो. त्यांची वाट मात्र अगदी वेगळी असते.

यकृतातील डाग मोजके आणि काढता येण्याजोग्या जागी असतील, तर ते शस्त्रक्रियेने काढता येतात. यकृताला पुन्हा वाढण्याची देणगी आहे. निरोगी यकृताचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा शिल्लक राहिला तरी तो काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. बरीच केमो झालेली असल्यास थोडा जास्त हिस्सा ठेवावा लागतो. यकृतात आजार गेलेल्या रुग्णांपैकी सुरुवातीस ही शस्त्रक्रिया शक्य असते ती साधारण पाचांतील एकास. केमोने डाग आकसल्यावर आणखी काहींना ती शक्य होते. ज्यांची होते, त्यांच्यापैकी दहांतील चार जण पाच वर्षांनंतर हयात असतात, असा जगभरच्या मोठ्या केंद्रांचा सर्वसाधारण अनुभव आहे. निम्म्याहून अधिक जणांत आजार पुन्हा डोके वर काढतो, हेही त्याच अनुभवात नोंदलेले आहे. दोन्ही आकडे कुटुंबाला एकाच बैठकीत सांगावेत, असे आमचे मत आहे. पहिला सांगून दुसरा झाकणे ही दया नव्हे.

ही झाली आजार काढून टाकण्याच्या उद्देशाने केलेली शस्त्रक्रिया. पिशवी बंद करून आतडे पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तिने रोग बरा होत नाही. रुग्णाची सोय होते. ती महत्त्वाची खरीच, पण तिला घाई नसते, आणि प्रगत आजारात ती अनेकांची कधीच होत नाही. कारण त्या जखमा भरून येईपर्यंत केमो थांबवावी लागते, आणि तेवढी सवड आजार देईलच असे नाही. तिसरा प्रकार आजार शिल्लक असताना केवळ त्रास कमी करण्यासाठी करावयाचा: पुन्हा मार्ग बंद झाल्यास आतड्याला बाजूने वाट करून देणे, किंवा पिशवी काढणे. काही वेळा हेच काम दुर्बिणीतून जाळीची नळी बसवूनही साधते. चौथा प्रकार म्हणजे आतडे फुटणे वा रक्तस्राव होणे. त्या वेळी विचाराला तास-दोन तासही मिळत नाहीत. म्हणूनच तो विचार आधी, शांतपणे, रुग्ण बोलू शकत असताना व्हावयास हवा.

येथे एका सन्माननीय देणगीदारांच्या पत्राचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. पोटाच्या आवरणावर पसरलेला आजार शस्त्रक्रियेने खरवडून काढून, त्याच वेळी पोटात गरम केलेले औषध फिरविण्याचे यंत्र संस्थेने का घेऊ नये, अशी त्यांनी आपुलकीने विचारणा केली होती. फ्रान्समधील २६५ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सर्वांची शस्त्रक्रिया झाली. निम्म्यांना त्यासोबत गरम औषध दिले, निम्म्यांना नाही. दोन्ही गटांचे मध्यक आयुर्मान सुमारे ४१ महिनेच भरले. म्हणजे लाभ झाला असेल तर तो कुशल शस्त्रक्रियेचा. त्या विशिष्ट औषधाच्या गरम द्रावणाने त्यात भर पडली नाही. इतर औषधांचे व इतर आजारांचे प्रश्न निराळे आहेत. पण आपल्यासारख्या रुग्णालयाने देणगीचा पैसा त्या यंत्रात घालावा, असे आमच्या डॉक्टरांना वाटले नाही. आम्हाला तर मुळीच नाही.

तोच पैसा कोठे लागतो, हे त्या मासळीवाल्या बाईंनी आम्हाला शिकविले. त्यांना दिलेल्या औषधांत ऑक्सॅलिप्लॅटिन होते. त्याचा एक गुण असा की, सलाइन लागल्यानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावताच बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. थंड पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो. पुढे पुढे बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. ज्यांचा हात पहाटेपासून बर्फात, त्यांनी काय करावे? ‘घरी असता ना’ असे गृहीत धरून त्यांना कोणी हे विचारलेच नव्हते. बर्फाचे काम सुनेने घ्यावे आणि बाईंनी पाटीपुढे बसून केवळ भाव करावा, अशी तोड त्यांनी स्वतःच काढली.

पिशवीचीही तीच गत. पिशवी आणि कातडीवर चिकटणारी तिची चकती नियमित बदलावी लागते. चकतीचे छिद्र बरोबर मापाचे कापले नाही तर गळती होऊन कातडी सोलवटते, आणि मग माणूस घराबाहेर पडेनासा होतो. हे कापणे शिकविण्यास परिचारिकेचा अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास आणि पिशव्यांचा नित्याचा खर्च, दोन्ही कोणत्याही बिलात नीट बसत नाहीत. अशा रुग्णांना परस्परांचा आधार मिळावा म्हणून मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. स्वतः पिशवी बाळगणारा माणूस समोर बसून बोलतो, तेव्हा डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक धीर येतो, असे आम्ही पाहिले आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हापासून आपल्या भागातील कर्करोगाची वाट रेल्वेनेच जाते. विरार वा वसईहून गर्दीच्या वेळी पोटावर पिशवी घेऊन प्रवास करणे काय असते, ते वेगळे सांगावयास नको. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. कित्येकांना हे ठाऊक नसते. जव्हार, मोखाड्याहून येणाऱ्यांचा तर पहिला दिवस वसईपर्यंत पोहोचण्यातच सरतो.

खर्चाबाबत थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली केमो व शस्त्रक्रियांना मंजुरी मिळते, मात्र ती उपचार सुरू होण्यापूर्वी, योजनेशी संलग्न रुग्णालयात घ्यावी लागते. २०१७ पर्यंत ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने ओळखली जात असे. जुने लोक आजही तेच नाव घेतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याची उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्याचा हिशेब याच अहवालात अन्यत्र दिला आहे. सोने गहाण ठेवण्यापूर्वी कृपया एकदा समाजसेवा विभागात यावे.

शस्त्रक्रिया ठरली, तर तयारीचे दिवस वाया घालवू नयेत. शेवटच्या केमोनंतर सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे थांबावे लागते. त्या काळात रोज चालणे, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम, मधुमेह आटोक्यात आणणे आणि अंडी, मासे, डाळी असा प्रथिनांचा आहार घेणे, याचा जखम भरण्याशी थेट संबंध आहे. आजारात मासे वर्ज्य, ही समजूत आपल्याकडे कोठून आली कोण जाणे. तंबाखू आणि मिश्री मात्र खरोखरच वर्ज्य.

आणि शस्त्रक्रिया नको, असे ठरले तर? पोटभर पसरलेला आजार, अंथरुणास खिळलेले शरीर, अशा स्थितीत पुन्हा पोट उघडल्याने उरलेले दिवस घरी जाण्याऐवजी अतिदक्षता विभागात जातात. ‘आम्ही काहीच केले नाही असे लोक म्हणतील’ या भीतीपोटी संमतीवर सही करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. वेदना, उलट्या, पोटात साठलेले पाणी यांवर उपचार असतात. मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही झाली. वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे अशा रुग्णांसाठी देशातील पहिले सेवागृह. आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. तेथे चौकशी करणे म्हणजे हार मानणे, असे कोणी समजू नये. रुग्णास विचारावे. बहुतेकांना स्वतःचे मत असते. त्यांना कोणी विचारलेले नसते.

त्या प्रसंगानंतर आमच्या खिडकीवर एक बदल केला. अंदाजपत्रकाच्या कागदावर ‘ही शस्त्रक्रिया कशासाठी?’ अशी एक ओळ छापून घेतली. तिच्यापुढे डॉक्टरांनी मराठीत, स्वतःच्या हाताने उत्तर लिहावयाचे आणि नातेवाइकाने ते आम्हाला वाचून दाखवावयाचे. तोपर्यंत रकमेचा आकडा सांगितला जात नाही. काही डॉक्टर प्रथम कुरकुरले. एकदा एका मुलीने ओळ वाचली, थांबली, आणि ‘म्हणजे आजार राहणारच?’ असे विचारून तशीच वडिलांकडे परत गेली. दोन दिवसांनी ती परतली, तेव्हा सही वडिलांची होती.

मासळीवाल्या बाईंची यकृताची शस्त्रक्रिया पुढे मुंबईस झाली. तिला जाण्यापूर्वी त्या आमच्याकडे आल्या होत्या. यकृत, डाग, टक्केवारी सर्व त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ता सगला समजला. पिशवी काढतील का नाय, तेवढा सांगा मना.” या खेपेस काढणार नाहीत, असे आम्ही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, “चल, गाडी चुकंल.”

आज त्या बाजारात पाटीपुढे बसतात; बर्फाला सून हात लावते. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. पिशवीचा विचार त्यानंतर होईल, असे त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी मराठीत लिहून दिले आहे.