कुत्र्यासह मुक्काम : तळ्याकाठचा एक धडा

तृतीय वर्ष कला (भूगोल)

शिबिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर उभे राहते : सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री शेकोटी. मी ज्या मुक्कामाविषयी लिहिणार आहे, त्यात श्रमदान नव्हते. बौद्धिक मात्र झाले आणि ते एका म्हाताऱ्या गुराख्याने घेतले.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे मित्र भंडारदऱ्याला गेलो. चौथा सोबती मोती, आमच्या घरचा गावठी कुत्रा. भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवरील तेथील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. धरणामागचा जलाशय, भोवतीचे डोंगर आणि जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, असा सारा देखावा. भूगोलाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवे?

पहिली चूक जागा निवडताना झाली. आम्ही पाण्याच्या अगदी कडेला तंबू ठोकला. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो. पुढे शेतीसाठी आवर्तने सुटतात, तशी पाण्याची रेघ मागे सरते आणि चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर गुरे पाण्याला येतात, आणि रात्री इतरही जनावरे येतात. म्हणजे आमचा तंबू ऐन पाणवाटेवर होता. तंबू काठापासून दूर, उंचवट्यावर आणि वस्तीच्या हाकेच्या अंतरावर हवा, हे पुस्तकात वाचले होते. पण देखाव्यापुढे पुस्तक आठवले नाही.

दुसरी चूक संध्याकाळची. मोतीला मोकळे सोडले होते. समोरून शेळ्यांचा कळप आला आणि हा भुंकत त्यांच्या मागे लागला. कळप उधळला, एक करडू दगडांत अडकून लंगडू लागले. शेळ्यांमागचे बाबा रागावले नसते तरच नवल. आम्ही माफी मागितली, करडाचा पाय पाहिला. सुदैवाने मोडलेला नव्हता. मग बाबांची नजर तंबूबाहेरच्या खुंटीवर गेली. “रातच्याला कुत्रं हितं बांधणार?” त्यांनी विचारले. आम्ही अभिमानाने होय म्हणालो. राखण नको का? बाबा म्हणाले, “पोरांनो, राखण नव्हं ही. वाघराला ताट वाढून ठेवल्यागत हाये.”

त्या रात्री आम्ही मोतीला तंबूत घेतले. मध्यरात्री तो एकाएकी ताठ उभा राहिला. भुंकला नाही, नुसता थरथरत माझ्या पायाशी चिकटला. सकाळी चिखलाच्या पट्ट्यावर गोलसर, नखांची खूण नसलेले ठसे होते. कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात, बिबट्या नखे आत ओढून चालतो, एवढे आम्हांला ठाऊक होते. खुंटीपासून ते ठसे पंचवीस पावलांवर होते. मी मोजले.

परत आल्यावर ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा बाबांच्या बोलण्याला शास्त्राचा पुरावा मिळाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला आहे. वजनाने मोजता बिबट्याच्या भक्ष्यात ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीतल्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच. हे बाबांना सांगितले असते, तर ते म्हणाले असते की यात नवल काय? शेळी रात्री कोंडली जाते, कुत्रा उघड्यावर असतो. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, ते याच भयाने.

पण धोका एकाच बाजूने नसतो. कुत्राही रानाला धोकादायक ठरतो, हे मला या निमित्ताने नव्याने कळले. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीमध्ये सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांपैकी काहींत हाच विषाणू सापडला. भंडारदऱ्याच्या आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तेव्हा लस न टोचलेला कुत्रा अशा भागात नेणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात साथ नेणे होय. रेबीजची लस तर हवीच. तरीही कोणाला कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, मिरची काही लावू नये.

कुत्र्याच्या सोयीचेही थोडे सांगतो. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळपायांत असतात; अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. म्हणून दुपारी सावली आणि पाणी माणसाआधी त्याला द्यावे. तापलेल्या कातळावर आपण तळहात टेकून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. आमच्या कांदाभज्यांतली चार आम्ही मोतीलाही दिली होती. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. द्राक्षे आणि बेदाणेही त्याला वर्ज्य. परतल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचिड्या काढाव्यात. आणि गावाच्या पाणवठ्यावर त्याला आंघोळ घालू नये. ते कोणाचे तरी पिण्याचे पाणी असते.

आता प्रश्न गावातल्या बागेचा. आमच्या नगरपरिषदेच्या बागेच्या फाटकावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. पूर्वी मला तिचा राग येई. परदेशात म्हणे कुत्र्यांना सगळीकडे मुभा असते! प्रत्यक्ष नियम पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत, तसेच तेथील सैन्याच्या अभियंता विभागाच्या तलावांवर कुत्रा नेता येतो. पण सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधून. त्या तलावांवर पोहण्याच्या किनाऱ्यांवर आणि मुलांच्या खेळण्याच्या जागी तो नेता येत नाही. म्हणजे मुभा आहे ती दोरीला आहे. आपल्याकडे पाटी लावून प्रश्न मिटवला जातो. दोरी, वेगळा कोपरा आणि विष्ठा उचलण्याची सवय या तीन गोष्टी आपण स्वीकारल्या, तर पाटी काढा असे सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल. आज तो मला तरी नाही. सहा फूट दोरी असती, तर त्या करडाचा पाय दुखावला नसता.

निघताना आम्ही बाबांना भेटायला गेलो. करडू चालत होते. आम्ही काही पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मोतीकडे पाहून एवढेच म्हणाले, “त्याला कळत नाही, तुमाला कळाया पायजे.” मोती आता माझ्या खोलीत झोपतो. रात्री तो कधी अचानक ताठ उभा राहिला, की मी दिवा लावतो आणि मला ती पंचवीस पावले आठवतात.