नेमार आला नाही त्या रात्री

24 ऑगस्ट 2023 ला फुटबॉलच्या आशियाई चॅम्पियन्स लीगची सोडत निघाली आणि मुंबई सिटी क्लबच्या गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल आला. त्याच महिन्यात ब्राझीलचा नेमार अल हिलालकडे गेला होता. माझा भाचा तेव्हा आठवीत. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, नेमार इथं खेळणार. आपण जायचं. शब्द द्या." मी दिला.

पहिली चूक लगेच झाली. मुंबई सिटी या स्पर्धेतले घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळणार, असं कळलं होतं. इराणच्या नसाजी माझंदरानविरुद्धची 18 सप्टेंबरची मॅच तिथंच झाली, मुंबई 0-2 हरली. पुणे म्हणजे सोलापूरकराला घरच्यासारखंच. मी पुण्याची जाण्यायेण्याची रेल्वेची तिकिटं काढून ठेवली. अल हिलालची मॅच मात्र नव्या मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठेवली गेली. म्हणून सांगतो, मैदान नक्की झाल्याचं क्लबच्या तोंडून ऐकल्याशिवाय प्रवासाचा रुपया घालू नका. फुटबॉलमध्ये मैदान बदलतं, तारीख सरकते, वेळही बदलते.

दुसरा फटका मोठा होता. भाच्याने सोलापूरच्या नवी पेठेतून निळी जर्सी आणून पाठीवर दहा नंबर आणि नेमारचं नाव छापून घेतलं होतं. 17 ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना नेमारच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. पुढचे कित्येक महिने तो खेळणार नव्हता. पोराने जर्सी घडी करून कपाटात ठेवली. "आता कशाला जायचं?" म्हणाला. त्यातच 23 ऑक्टोबरला रियाधमध्ये अल हिलालने मुंबईला 6-0 असं हरवलं. त्यांच्या मित्रोविचचे एकट्याचे तीन गोल.

इथं मी त्याच्याशी भांडलो, आणि भांडलो ते बरं केलं. एका खेळाडूसाठी शेकडो किलोमीटर जायचं ठरवलं, की आपली मॅच त्याच्या गुडघ्यावर टांगलेली राहते. तो दुखावतो, त्याला विश्रांती देतात, कधी सत्तराव्या मिनिटाला बाहेर काढतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर निघण्याआधी त्यांना हे सांगा. बघायला जातोय ते अकरा विरुद्ध अकरा. एकजण नसला तरी खेळ होतो.

6 नोव्हेंबर, सोमवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. पहाटे उठून सहाची वंदे भारत धरली, कल्याणला उतरलो, लोकलने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने नेरूळ. बहिणीने डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली होती. रांगेत उभं राहिल्यावर शेजारच्या माणसाने विचारलं, "बॅग कुठं ठेवणार?" तिकिटासोबतच्या सूचना मी वाचल्याच नव्हत्या. बॅग, पाण्याची बाटली, बाहेरचं खाणं, पॉवर बँक यातलं बहुतेक काही मोठ्या मैदानावर आत जात नाही. रस्त्यापलीकडच्या एका वडापाववाल्या काकांनी बॅग ठेवून घेतली, पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी डबा त्यांनाच दिला. तुम्हाला असे काका भेटतीलच असं नाही, म्हणून फक्त फोन, थोडे पैसे आणि ओळखपत्र घेऊन जा.

जागा कुठली घ्यावी, हे मला त्या रात्री कळलं. सगळ्यांना खाली, मैदानाला लागून बसायचं असतं. खालून खेळाडूचा चेहरा दिसतो, पण खेळ दिसत नाही. आम्ही वर, मधल्या रेषेच्या जवळपास होतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, त्यामुळे आपले डोळेही तेवढंच बघायला शिकतात. पहिली दहा मिनिटं आम्हीही तेच केलं. मग मी भाच्याला म्हटलं, पाच मिनिटं बॉल बघायचाच नाही, फक्त मुंबईचे मागचे चौघं बघ. बॉल उजवीकडे गेला की चौघं दोरीने बांधल्यासारखे उजवीकडे सरकत होते. एक पुढे गेला की शेजारचा त्याची जागा झाकत होता. मागे हात पसरून गोलकीपर ओरडत होता. पोरगा पुढे झुकला तो मग मागे टेकलाच नाही.

तीस हजारांच्या वर लोक होते. भारतात क्लबच्या मॅचला एवढी गर्दी कोलकाता आणि कोची सोडलं तर क्वचितच दिसते. मुंबईच्या समर्थकांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं ड्रम वाजवत गात होती, आणि मध्यंतराला 0-0 होतं. रियाधमध्ये सहा खाल्लेल्या संघाचं हे 0-0! अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

उत्तरार्धात मुंबईच्या मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं. नवख्या माणसाने बघावं असं सगळ्यांत जास्त इथंच असतं. दहाजण उरले की पुढचा खेळाडू मागे येतो, दोन ओळी जवळ येतात, पळायचं अंतर वाढतं. ते दमताना दिसतात. 62व्या मिनिटाला अल हिलालच्या मायकेलने गोल केला, 85व्याला मित्रोविचने. 0-2. शेवटची शिट्टी वाजल्यावर मुंबईची पोरं गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती आणि लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. भाच्याचा आवाज बसला होता.

सगळ्यांत वाईट चूक त्यानंतरची. मॅच रात्री साडेनऊला सुरू झालेली, संपेपर्यंत साडेअकरा. सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस तोवर निघून गेलेली होती, आणि परतीचं आरक्षण मी केलंच नव्हतं. "बघू, काहीतरी मिळेल" असं धरून चाललो होतो. काकांकडून बॅग घेतली, गर्दीतून नेरूळ स्टेशन गाठलं, हार्बरने पनवेल, रिक्षाने कळंबोली. सोलापूरच्या गाड्या एकतर गेलेल्या नाहीतर भरलेल्या. रात्री दोनला चौदा वर्षांचं पोर रस्त्याकडेला बॅगेवर डोकं ठेवून झोपलं. मी त्याच्याजवळ उभा राहून येणारा प्रत्येक दिवा बघत होतो. आजही आठवलं की पोटात कालवतं. शेवटी पुण्याची बस मिळाली, स्वारगेटहून सकाळची एसटी, आणि बहिणीच्या दारात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. फोनची बॅटरी पहाटेच संपली होती. बहीण रात्रभर जागी होती. मुलांना नेणार असाल तर तिथली मुक्कामाची खोली आधी ठरवा, पैसे जातील तर जाऊ द्या, आणि घरी कुणाला तरी ठरलेल्या वेळेला फोन करा.

बसमध्ये स्वारगेटपासून तो जागाच होता. मला काहीतरी विचारायचा, मधेच गप्प व्हायचा. टेंभुर्णीच्या आसपास म्हणाला, "मामा, रेड कार्डनंतर मुंबईचा डावा बॅक पुढे गेलाच नाही, बघितलं तुम्ही?" मी बघितलं नव्हतं.

आता त्याला कोल्हापूरला जायचंय, शाहू स्टेडियमवर. भारत 2017 मध्ये पहिल्यांदा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, त्या संघातला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असेल तेव्हा नेईन म्हणालोय. तिथं भरदुपारी मॅच होतात, आणि रात्रीच्या एसटीचं आरक्षण करूनच निघायचं ठरलंय.