लहान आरएनए : निरोप अडविणारे रेणू

‘डॉक्टरसाहेब, या इंजेक्शनाने माझी जनुके तर बदलणार नाहीत ना?’ कोलेस्टेरॉलवरील इन्क्लिसिरान या औषधाविषयी रुग्णाने असे विचारले, तर त्याला नेमके उत्तर देता यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण महाविद्यालयात शिकलो तो क्रम सरळ होता : डीएनएवरून संदेशवाहक आरएनए, त्यावरून प्रथिन. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी या क्रमात एक नवे पात्र आणले. एका सूत्रकृमीतील लिन-४ या जनुकापासून प्रथिन मुळीच तयार होत नाही. तयार होतो तो सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा इवलासा आरएनए. तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि प्रथिननिर्मिती रोखतो. २००० साली लेट-७ हा अशाच प्रकारचा रेणू मानवासह अनेक प्राण्यांत आढळला, तेव्हा या शोधाची व्याप्ती ध्यानात आली. २०२४ चे नोबेल पारितोषिक याच कार्याला मिळाले.

हे मायक्रोआरएनए प्रथम लांब, दुमडलेल्या स्वरूपात तयार होतात. केंद्रकात ड्रोशा व पेशीद्रवात डायसर ही विकरे त्यांची काटछाट करतात. उरलेला तुकडा आर्गोनॉट या प्रथिनात बसतो आणि जुळणारा संदेश शोधतो. जुळणी पूर्ण असेल तर संदेश सहसा कापला जातो. अपुरी असेल तर भाषांतर मंदावते व संदेश लवकर नष्ट होतो. मूळ जनुक मात्र अबाधित राहते.

वनस्पतींतही हीच यंत्रणा थोड्या फरकाने आढळते. आपल्या माळव्यात हिवाळ्यात बटाट्याची शेते डोलतात. त्याच बटाट्यावर पुण्याच्या आयसर या संस्थेत अंजन बॅनर्जी व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दिवस मोठा असताना मायक्रोआरएनए-१५६ पाने व खोडात अधिक असतो. दिवस लहान होताच, म्हणजे कंद धरण्याच्या काळात, जमिनीखालील फुटव्यांत त्याचे प्रमाण वाढते. कलमांवरील प्रयोगांतून तो रसवाहिन्यांतून प्रवास करीत असावा असे दिसले. मात्र तोच रेणू कृत्रिमरीत्या सर्वत्र वाढविला, तेव्हा झाडाची ठेवण बिघडली व कंदांचे उत्पन्न घटले. एक मायक्रोआरएनए अनेक संदेशांवर अंमल चालवितो. म्हणून त्याला औषध म्हणून वापरणे जोखमीचे असते.

औषधनिर्मितीत अधिक यश आले ते एकाच संदेशाशी पूर्ण जुळणाऱ्या कृत्रिम आरएनएला. त्याची पायाभरणी अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली केली. २००६ साली त्यांना नोबेल मिळाले. २०२० साली युरोपात व २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इन्क्लिसिरान याच वर्गातले. ते यकृतपेशीत पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेश नष्ट करते. हे प्रथिन घटले की एलडीएलचे ग्राहक अधिक काळ टिकतात आणि रक्तातील एलडीएल सुमारे निम्म्यावर येते. पहिल्या मात्रेनंतर तीन महिन्यांनी दुसरी व पुढे दर सहा महिन्यांनी एक, असा त्याचा क्रम आहे.

तेव्हा रुग्णाला निःशंकपणे सांगावे : ‘तुमची जनुके जशीच्या तशी राहतील, फक्त त्यांचा एक निरोप काही काळ अडविला जाईल.’ त्याच वेळी हेही सांगावे, की औषध थांबविल्यास हा परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणून ठरलेली मात्रा चुकवू नये.